हात पोचेल इतक्या अंतरावर

मी एक वॉकर. ऑपरेशन होऊन उठलेली, आजारातून निघालेली किंवा नुसतीच म्हातारी झालेली माणसं ज्याला धरून चालतात ना, तोच. अंगाने ॲल्युमिनियमचा, पायांत काळे रबरी बूट, वर धरायला दोन मुठी. पाय चार आहेत, पण नशीब असं की स्वतःहून एक पाऊल टाकता येत नाही. कुणीतरी मुठी धरायच्या, मला उचलून पुढे ठेवायचं आणि मग आपण पुढे यायचं. लोक म्हणतात, वॉकर माणसाला चालवतो. खरं सांगू? माणूस मला चालवतो. माणसाचा हात लागला नाही तर मी म्हणजे कपडे वाळत घालायचा स्टँड.

माझा जन्म कारखान्यातला. नळ्या कापणारे, भोकं पाडणारे, मुठी बसवणारे असे पुष्कळ हात अंगावरून फिरले, पण लक्षात राहिला तो शेवटचा माणूस. चांगला आडव्या अंगाचा होता. प्रत्येक वॉकरवर आपला सगळा भार टाकून पाहणं हेच त्याचं काम. तो माझ्यावर रेलला, थोडा डोलला आणि शेजारच्याला म्हणाला, "हा दगा देणार नाही." इतकं चांगलं माझ्याविषयी नंतर फारसं कुणी बोललं नाही, म्हणून ते वाक्य मी जपून ठेवलं आहे.

तिथून मी सरकारी गोदामात गेलो, धूळ खाल्ली आणि मग या दवाखान्यात आलो. हा सगळ्यांसाठीचा दवाखाना. इथे पैसेवाला, बिनपैशाचा असा भेद नाही, फक्त खाटा कमी आणि माणसं जास्त. मला वयस्क माणसांच्या वॉर्डात पाठवलं. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना खाटा, एका टोकाला दार आणि दुसऱ्या टोकाला मोठी खिडकी. खिडकीतून रस्ता दिसतो, बसथांबा दिसतो, आपापल्या कामाला निघालेली माणसं दिसतात. खाटेवर पडलेल्या माणसाला ती खिडकी म्हणजे काय असते, ते मला विचारा.

सुरुवातीचे दिवस मजेचे होते. एक शिंपीदादा होते. सकाळी चहा झाला की माझ्या मुठी धरायचे आणि आमची वरात खिडकीकडे निघायची. तिथे उभं राहून ते खालून जाणाऱ्यांच्या बाह्या कशा बसल्या आहेत ते बघायचे आणि हळहळायचे. "कोण शिवतं हो हे असं," म्हणायचे. दमले की परत. त्यांच्या हातांना घाम यायचा आणि तो माझ्या मुठींत मुरायचा. मला वाटायचं, आयुष्य असंच जाणार.

एकदा मी दुसऱ्या कुणाबरोबर बाहेर गेलो होतो आणि शिंपीदादांना तेवढ्यात उठायची घाई झाली. त्यांनी खाटेजवळच्या चाकाच्या टेबलाचा आधार घेतला. टेबल सरकलं. मी परत आलो तेव्हा त्यांना स्ट्रेचरवरून नेत होते. मांडीचं हाड मोडलं होतं. ते दुसऱ्या वॉर्डात गेले आणि मला पुन्हा दिसले नाहीत.

आता इथे पाटीविषयी सांगायला हवं. या दवाखान्यात प्रत्येक वॉर्डाच्या दारावर एक पाटी टांगलेली असते. एक बाजू हिरवी, एक लाल. महिनाभर वॉर्डात कुणी पडलं नाही तर हिरवी बाजू पुढे. कुणी पडलं तर लाल. चांगल्या हेतूनेच काढली होती ती पद्धत. पण शिंपीदादा पडले, पाटी लाल झाली आणि आमच्या मोठ्या सिस्टरना ऑफिसात बोलावून धारेवर धरलं. येणारा-जाणारा पाटीकडे बघायचा आणि मग सिस्टरांकडे. बाई मनाने वाईट नाहीत. बारा कामं अंगावर, मदतीला माणूस नाही आणि वर हा अपमान. त्यांनी कानाला खडा लावला.

दुसऱ्या दिवशी वॉर्डातले सगळे वॉकर गोळा झाले. इतर गोदामात गेले, मला दुमडून दाराआड ठेवलं, कधी लागलाच तर असावा म्हणून. कुणी खाटेवरून उठायचं नाही, असा नियम झाला. संडासला खाटेवरच भांडं मिळणार. तपासणीला न्यायचं तर चाकाची खुर्ची. पडायला आधी उभं राहावं लागतं. ते उभं राहणंच बंद केल्यावर पाटी हिरवी झाली आणि हिरवीच राहिली. ऑफिसने सिस्टरांचं कौतुक केलं.

दाराआडचं जगणं म्हणजे काय सांगू. दार उघडं असलं की माझ्या तोंडासमोर दाराची पाठ. जेवणाच्या वेळी आणि डॉक्टरांच्या राऊंडला दार लावत, तेवढा वेळ मला वॉर्ड दिसायचा. मावशी माझ्यावर फरशी पुसायची ओली फडकी वाळत घालायच्या. खिडकी पार त्या टोकाला होती. माझ्या मुठींना माणसाच्या हाताची इतकी आठवण यायची की कुणी नुसतं फडकं उचललं तरी मी ताठ व्हायचो.

माझ्या बरोबर समोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक मोठा कागद लावला होता. 'वयस्क रुग्णांची काळजी : मार्गदर्शक तत्त्वे.' वरून आला होता, ठळक अक्षरांत. रुग्णाशी बोला, रुग्णाविषयी नव्हे. त्याला काय हवं आहे ते आधी त्यालाच विचारा. सुरक्षिततेसाठी म्हणून त्याची हालचाल विनाकारण बंद करू नका. त्याची लाज राखा. मावशी रोज काच पुसायच्या, त्यामुळे कागद अगदी चकचकीत होता. माझ्याइतका तो कुणी वाचला नसेल. मला दुसरं काम काय होतं?

अशात एक दिवस क्लचबाई आल्या.

हे नाव त्यांनी स्वतःच सांगितलं. उभा जन्म त्यांनी लोकांना मोटार चालवायला शिकवलं. शेजारच्या सीटवर बसून "क्लच, क्लच" असं इतकं ओरडल्या की शिकणाऱ्यांनी नावच ठेवलं. आल्या तेव्हा तापाने फणफणल्या होत्या, छातीत कफ घुरघुरत होता, पण आल्या त्या आपल्या पायांनी. पिशवी स्वतःच्या हातात, आणि मागून लेक, "अगं आई, दे ती इकडे" म्हणत. त्यांच्या मागे दार लागलं आणि त्यांना मी दिसलो. अंगावर फडकी, पाठ भिंतीला.

"याला का कोपऱ्यात उभं केलंय?" त्या मावशींना म्हणाल्या. "शिक्षा झालीय की काय?"

मावशी हसल्या. मला मात्र भरून आलं. कितीतरी काळाने कुणीतरी माझी चौकशी केली होती.

औषधपाणी इथे चांगलं होतं, उगाच खोटं कशाला बोलू. मोठ्या डॉक्टरांनी जिवाचं रान केलं. ताप उतरला, छाती मोकळी झाली. पण ताप गेला तो जाताना बाईंचे पाय घेऊन गेला. पडून पडून त्यांच्या पोटऱ्या पार वाळल्या. पहिल्या पहिल्यांदा त्या म्हणायच्या, मला संडासला जायचंय, कुणीतरी हात द्या. भांडं यायचं. भांड्यालाही माणूस वेळेवर मिळेना, तेव्हा लंगोट आला. बाईंना कळत होतं सगळं, आवरतही होतं सगळं, तरी लंगोट. एक तरुण सिस्टर लाडाने म्हणाली, "सवय होईल हं आजी." त्या दिवशी बाईंनी भिंतीकडे तोंड केलं ते जेवणाचं ताट आलं तरी वळवलं नाही.

दार लागलं की आम्ही एकमेकांकडे बघायचो. त्या खाटेवरून आणि मी दाराआडून. मध्ये इतकं थोडं अंतर होतं, पण तेवढं ना त्यांना चालता येत होतं, ना मला.

मावशी वेणी घालायला बसल्या की बाई घरच्या गोष्टी सांगायच्या. त्यांचं घर लहान, पण गॅलरी रस्त्यावर. सकाळी आपल्या हातचा चहा घेऊन गॅलरीत बसायचं. समोरच्या रस्त्यावर नवशिके गाडी शिकायला येतात. गाडी आचके देते, मध्येच बंद पडते, मागचे हॉर्न मारतात. बाई वरूनच पुटपुटतात, "अरे, हळू सोड, हळू." एवढंच त्यांचं सुख. "मला फार काही नको हो," म्हणायच्या, "माझा कप, माझी गॅलरी आणि दाराची कडी माझ्या हातात." त्यांचा आवाज तेव्हा असा काही व्हायचा की मावशींचा कंगवा थांबायचा.

मग ती राऊंड आली. दार लागलं. मोठे डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, बाजूला सिस्टर, उशाशी लेक. डॉक्टर लेकीशी बोलू लागले. पेशंटची तब्येत आता बरी आहे, पण पेशंटला चालता येत नाही. एकटं राहणं शक्य नाही. गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात जागा झाली आहे, उद्या हलवता येईल. लेकीने डोळे पुसले आणि मान हलवली. बिचारीचा जीव टांगणीला लागला होता. तिचं घर दूर, नोकरी, मुलं, आणि आई एकटी पडली तर, ही धास्ती. कुणीच कुणाचं वाईट चिंतत नव्हतं. फक्त जिच्याविषयी बोलणं चाललं होतं ती मध्ये पडून होती आणि तिच्या अंगावरून सगळी वाक्यं इकडून तिकडे जात होती.

सिस्टर वाकून मोठ्याने म्हणाल्या, "आजी, तुम्हाला छान जागी ठेवणार आहोत बरं का."

"मला ऐकू येतं," बाई म्हणाल्या. "आणि मला चालता येत नाही हे कुणी ठरवलं? कुणी चालवून बघितलं का?"

चालवून कुणी बघितलंच नव्हतं. उठूच द्यायचं नाही म्हटल्यावर बघणार कसं?

"अहो, पडलात तर?" सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती.

"पडेन कदाचित. नाही कशाला म्हणू?" बाई कोपरावर उठायला धडपडल्या. "सिस्टर, शिकवायच्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक माझ्या. आयुष्यभर माझा पाय त्या ब्रेकवर होता. पण स्टिअरिंग एकच असतं. ते मी कुणाच्या हातातून घेतलं नाही. घेतलं असतं तर एकही माणूस शिकला नसता."

मग त्या लेकीकडे वळल्या. "तू फाटकावर गाडी घातलीस तेव्हा माझा पाय कुठे होता गं?"

"ब्रेकवर," लेक म्हणाली.

"दाबला का मी?"

लेक रडता रडता हसली. "नाही. म्हणालीस, फाटकच आहे, रंगवता येईल."

"मग आता तू माझा ब्रेक हो. पण मला न विचारता मला कुठे नेऊ नकोस."

मोठ्या डॉक्टरांनी इकडे तिकडे पाहिलं, एक स्टूल ओढलं आणि खाली बसले. त्या वॉर्डात राऊंडला डॉक्टर बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले. त्यांनी बाईंना विचारलं, "तुम्हाला काय हवंय, बाई?" बाई म्हणाल्या, घरी जायचंय, आणि तोवर संडासपर्यंत आपल्या पायांनी जायचंय. दोन्ही होईलच असं सांगता येत नाही, पडण्याचा धोका खरा आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. धोका मला कळतो, बाई म्हणाल्या, तो माझा आहे. शुश्रूषागृहाची जागा थोडे दिवस धरून ठेवता येईल का ते डॉक्टर बघणार होते. तेवढ्यात बाई उभ्या राहिल्या तर घर. नाहीतर नाही.

आणि सिस्टर दाराकडे आल्या. माझ्यावरची फडकी काढली. मला उघडलं. इतक्या काळाने पाय पसरताना माझी कडी न् कडी कुरकुरली.

बाईंचे हात माझ्या मुठींवर आले. हाडकुळे, गार. पण पकड? हाडाची मास्तरीण. सिस्टरांचा एक हात त्यांच्या पाठीमागे, अंगाला न लागता. बाई उठल्या आणि लगेच परत बसल्या. "गाडी थंड आहे," म्हणाल्या. "तापू द्या." पुन्हा उठल्या. त्या दिवशी आम्ही फक्त शेजारच्या खाटेपर्यंत गेलो आणि धापा टाकत परत आलो. मला कारखान्यातला तो आडव्या अंगाचा माणूस आठवला. दगा द्यायचा नाही, एवढंच मी मनात घोकत होतो.

मग व्यायाम शिकवणाऱ्या ताई यायला लागल्या. आम्ही संडासपर्यंत जायला लागलो. लंगोट सुटला, आणि त्या दिवशी बाईंनी केस विंचरून घेतले, लेकीकडून पावडर मागून लावली. हळूहळू आमचं टोक खिडकीपर्यंत गेलं. मी किती वाट पाहिली होती त्या खिडकीची. बाई उभ्या राहून खाली बघत होत्या आणि बसच्या ड्रायव्हरला नावं ठेवत होत्या. मला शिंपीदादांची आठवण आली.

जरा सुख लागलं की काहीतरी होतंच. खिडकीपासून परत फिरताना बाईंनी मान मागे वळवली, पुन्हा एकदा रस्ता बघायला. तोल गेला. मी आडवा झालो, बाई खाली आल्या. सिस्टरांनी मागून धरल्यामुळे आपटल्या नाहीत, घसरत बसल्या, पण बसल्या त्या फरशीवर. लेकीच्या तोंडचं पाणी पळालं.

कोपराला खरचटलं होतं. फोटो काढला, हाडं शाबूत होती. बाई खाटेवर आल्या, दम घेतला आणि लेकीला म्हणाल्या, "गाडी बंद पडली, एवढंच." पण त्यांचे डोळे सिस्टरांवर होते. माझेही. बाईंचं घर आता त्या एका माणसावर अवलंबून होतं, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं.

सिस्टर दाराकडे गेल्या. पाटी उलटली. लाल बाजू इतका काळ दाराला टेकून राहिली होती की तिचा रंग अगदी नवा दिसला. मग त्या परत आल्या आणि मला उचललं. मी समजलो. दाराआड जायचं. फडकी, दाराची पाठ, पुन्हा तेच. मला वाईट वाटलं ते माझं नाही हो, त्या गॅलरीचं.

सिस्टरांनी माझे रबरी बूट तपासले, मुठी हलवून पाहिल्या आणि मला बाईंच्या खाटेशेजारी उभं केलं. थोडं मागे, मग थोडं पुढे.

"पोचतो का हात?" त्यांनी विचारलं.

बाईंनी हात लांब केला. त्यांची बोटं माझ्या मुठीवर मिटली. "पोचतो," त्या म्हणाल्या. सिस्टर मग उगाच चादर नीट करत राहिल्या.

ऑफिसातून बोलावणं आलंच. मोठे डॉक्टर सिस्टरांबरोबर गेले. तिथे काय झालं ते मावशींकडून कळलं. बाई का पडल्या, असं विचारलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "चालत होत्या म्हणून." पाटी काही कुणी काढली नाही. पण बाकीचे वॉकर गोदामातून परत आले.

बाई घरी गेल्या. लेक काही दिवस सोबत राहणार होती, मग सकाळ-संध्याकाळ एक मदतनीस येणार होती. बाथरूमच्या भिंतीला धरायला दांडे बसवले होते. हे सगळं बाईंना विचारून ठरलं, आणि एक-दोन गोष्टी त्यांनी चक्क नाकारल्या. त्या निघाल्या तेव्हा दवाखान्याच्या खालच्या दारापर्यंत मीच सोबत होतो. गाडी उभी होती. मागच्या डिकीत माझाच एक धाकटा भाऊ, अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. जळफळाट झाला माझा, खोटं कशाला सांगू.

बाईंनी माझ्या मुठी सोडल्या आणि गाडीचं दार धरलं. पुढच्या सीटवर, चालवणाऱ्याच्या शेजारी, आपल्या जुन्या जागी बसल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरं आहे, बाबा. कोपऱ्यात जाऊ नकोस परत." लेकीने गाडी सुरू केली. गाडीने एक आचका दिला आणि बंद पडली. काच खालीच होती, त्यामुळे मला स्पष्ट ऐकू आलं. "क्लच गं, क्लच. हळू सोड. घाई कसली आहे?" मग गाडी फाटकातून बाहेर गेली.

त्याच्या पुढचं मला माहीत नाही. मी दवाखान्याचा माल, फाटकापलीकडे माझं जग नाही. गॅलरीपर्यंत त्या पोचल्या असतील का? चहाचा कप एका हातात आणि वॉकर दोन्ही हातांत, हे कसं जमवलं असेल? त्या धाकट्याला काही अक्कल आहे का? रात्रंदिवस मनात हेच. बाईंच्या हातांची ती पकड अजून माझ्या मुठींत आहे, आणि खिडकीत गेलो की प्रत्येक गाडीच्या पुढच्या सीटकडे माझं लक्ष जातं.

सध्या मी एका आजोबांच्या खाटेशेजारी असतो. ते अजून कुणाशी बोललेले नाहीत. माझ्याकडे बघतात आणि नजर फिरवतात. त्यांना चालायचंच नसेल तर तेही त्यांनीच ठरवायचं. कालपासून मात्र त्यांचा हात पांघरुणाबाहेर असतो, माझ्या बाजूला. मी वाट बघतोय.

तुमच्या घरात, तुमच्या दवाखान्यात माझा एखादा भाऊबंद दाराआड दुमडलेला दिसला, तर त्याच्या अंगावरची फडकी काढा. त्याला खाटेशेजारी आणून ठेवा आणि त्या माणसालाच विचारा, हात पोचतो का म्हणून. तुमचा पाय ब्रेकवर राहू द्या. पुढचं आम्ही दोघं बघून घेऊ.